सासऱ्यांचा अंगठा

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या रानात जेवढी म्हणून झाडं, झुडपं आणि वेली आहेत, त्यांतल्या निदान निम्म्यांचा पाला माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला कधी ना कधी बांधून झालेला होता. उरलेल्या निम्म्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून ती वाचली. कशाचा लेप, कशाचा काढा, कशाचा शेक, तर कशाचं नुसतंच पान उशाशी ठेवणं. त्यांच्याबरोबर रानात गेलं की आपण रानात नसून त्यांच्या नात्यागोत्यात आलो आहोत असं वाटे, कारण काठीनं एकेक झाड दाखवून ते त्याचा स्वभाव सांगत. "हा एरंड. गुण काही नाही, पण माणूस प्रेमळ." "ही निर्गुडी. सूज उतरवते, पण उपकार केल्यासारखी." "हा गुळवेल. कामाचा आहे, पण घाई म्हणून नाही." एकदा सूर्यमाळच्या चढावर एका झाडापुढे ते थांबले. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी कान टवकारले, तर म्हणाले, "ह्याच्याशी आपण बोलत नाही." ते झाड बिब्ब्याचं होतं, आणि बिब्ब्यानं त्यांच्या पावलावर उठवलेला डाग मी लग्नाआधीच पाहिलेला होता.

संस्थान होतं तेव्हा सासरे राजवाड्याच्या कोठीवर होते, म्हणजे धान्य, तूप, मसाले आणि मुदपाकखाना यांवर त्यांची देखरेख असे. गावात त्यांना सगळे 'कोठीवाले' म्हणत. कोठीवरच्या माणसानं पदार्थ चाखून बघायचा असतो, आणि सासरे हे काम निष्ठेनं करत. शिकारीचं मटण, कलेजी, सुक्या बोंबलांचं कालवण, यातलं काहीही त्यांच्या जिभेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. त्या निष्ठेचं फळ म्हणून त्यांच्या अंगठ्यात वातरक्त शिरलं. वैद्यानं सांगितलं, हा राजरोग आहे, गरिबाला होत नाही. झालं! सासऱ्यांनी तो रोग मानाच्या शेल्यासारखा मिरवायला सुरुवात केली. पुढं विलीनीकरण झालं, संस्थान ठाणे जिल्ह्यात गेलं, कोठी बंद झाली आणि सासरे मामलेदार कचेरीत साधे कारकून झाले. पण कोणी त्या गोष्टीवरून हळहळलं की ते पाय पुढे करत. "सगळं विलीन झालं असं म्हणू नका. हा अजून झालेला नाही." ठाण्याहून आलेल्या नव्या अधिकाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाचाही अंगठा दुखत नाही, हे त्याचं मुख्य कारण.

ज्यांना वातरक्ताचा अनुभव नाही त्यांना सांगतो, की ते दुखणं जागं झालं की अंगठा वांग्यासारखा तुकतुकीत लाल होतो आणि त्यावर चादरीचा पदरसुद्धा सोसत नाही. सासरे घराच्या माडीवर राहत. माडीची जमीन फळ्यांची होती, आणि एका टोकाच्या फळीवर पाऊल पडलं की ते दुसऱ्या टोकाला त्यांच्या अंगठ्याला कळे. "कोण ते? हळू!" अशी आरोळी यायची. त्यामुळे त्या घरातली सगळी माणसं वर्षानुवर्षं टाचा न टेकता, चवड्यांवर चालत. हे मला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पालघरकडून बदलून जव्हारच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो, कोणीतरी स्थळ सुचवलं आणि मी मुलगी बघायला त्या माडीवर जाऊन बसलो. पोह्यांची बशी घेऊन मुलगी आली ती अशी, की पावलांचा आवाज नाही, बांगडीचा आवाज नाही, जणू पाण्यावरून आली. मी तिथंच विरघळलो. इतकी नाजूक चाल मी जन्मात पाहिली नव्हती. तिच्या पाठोपाठ चहा घेऊन तिची चांगली दणकट आत्या आली, तीही तशीच पाण्यावरून, तेव्हा मला जरासा संशय आला, पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो. कोपऱ्यात स्टुलावर उशी, उशीवर पाय आणि पायावर एरंडाचं पान अशा थाटात सासरे बसले होते. मला म्हणाले, "मास्तर, मुलगी पसंत असेल तर हळू सांगा. आवाजही पोचतो."

लग्न ठरलं, आणि त्यांनी अट घातली. मुलीच्या लग्नात ते पाटावर बसून कन्यादान करणार, पण पाटापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जाणार. खुर्चीत घालून नेणं त्यांना मंजूर नव्हतं. "चार माणसांनी उचललेला बाप मुलीनं लग्नाच्या दिवशी बघायचा नाही," असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. तेव्हा अंगठा बसेपर्यंत लग्न नाही असं ठरलं. माझं आयुष्य त्या दिवसापासून त्या अंगठ्याला बांधलं गेलं. एरवी होणाऱ्या जावयानं सासुरवाडीला चकरा मारणं बरं दिसत नाही, पण अंगठ्याची चौकशी करायला कोण नाही म्हणणार? मी शाळा सुटली की जायचो. अंगठा पाहायचो, आणि जमलं तर दाराआडची चाहूलही घ्यायचो. अर्थात चाहूल लागायची नाहीच.

सासरे स्वतःला शास्त्रीय वृत्तीचे मानत. एका दुखण्याला एकच औषध, दुसरं मिसळायचं नाही, म्हणजे गुण कोणाचा ते कळतं, असा त्यांचा नियम होता. त्या कार्तिकात त्यांनी पुनर्नवेचा काढा लावून धरला. आठवड्याभरात सूज गेली. "सिद्ध झालं!" त्यांनी जाहीर केलं, मार्गशीर्षातला मुहूर्त काढला आणि केळवणं सुरू झाली. आता केळवण म्हणजे गोडाधोडाचं जेवण हे जव्हारातही सगळ्यांना माहीत होतं. पण राजवाड्यावर जेवलेल्या कोठीवाल्यांना नुसत्या श्रीखंडावर उठवायचं कसं? म्हणून प्रत्येक घरी त्यांच्यासाठी बाजूला एक पातेलं शिजे. कोणाकडे कलेजी, कोणाकडे वजडी, कोणाकडे बोंबील. सासरे यजमानाचं मन मोडत नसत. मुहूर्ताला दोन दिवस उरले आणि अंगठा पुन्हा वांगं झाला. लग्न माघावर गेलं. या खेपेला निर्गुडीचा शेक, आठवड्याभरात आराम, "सिद्ध झालं!", नवा मुहूर्त, नवी केळवणं, नवी पातेली, आणि पुन्हा वांगं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हा अंगठा म्हणजे माझी सवत आहे. हिचं सगळं झाल्याशिवाय माझ्या लेकीचं काही होऊ देत नाही."

मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. तरुण, सरळ बोलणारा माणूस होता. त्यांनी अंगठ्याकडे लांबूनच पाहिलं, त्याबद्दल सासऱ्यांना ते जरा आवडलेही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की रक्तात एक आम्ल साठतं आणि त्याचे बारीक खडे सांध्यात टोचतात. मटण, कलेजी, सुकी मासळी यांनी ते वाढतं. आणि हे दुखणं आठ-दहा दिवसांत आपलं आपणच बसतं.

"आपलं आपण?" सासरे म्हणाले. "मग माझी पुनर्नवा काय करत होती?"

"सोबत," डॉक्टर म्हणाले. "थोडी सूज उतरवतही असेल, मी नाही म्हणत नाही. ह्या पाल्यांची नीट पारख अजून व्हायची आहे. पण त्या दिवशी तुम्ही अंगठ्यावर वर्तमानपत्र बांधलं असतं तरी तो बसलाच असता."

सासऱ्यांचा चेहरा पडला. तो पाहून डॉक्टरांना वाईट वाटलं असावं, कारण ते पुढे म्हणाले, "सगळ्याच वनस्पती फुकट असं नाही बरं का. ह्या रोगावरचं जे खरं इंग्रजी औषध आहे ते एका कंदातूनच काढतात. हकीम लोक सुरंजान देतात तो त्याचाच भाऊबंद. फार काय, तुमच्या कुंपणावर पावसाळ्यात जी लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्या कंदातही तोच गुण आहे. पण ते विष आहे, कोठीवाले. औषध कुठं संपतं आणि विष कुठं सुरू होतं ते घरी कळत नाही. नखाएवढा तुकडा जास्त झाला तर माणूस हाती लागत नाही. त्याच्या वाटेला जायचं नाही."

मी सासऱ्यांकडे बघत होतो. 'तोच गुण आहे' इथपर्यंत त्यांचे डोळे चमकत होते. पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. दाराआड मात्र कोणीतरी सगळं ऐकत होतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

महाशिवरात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला, शास्त्राला साक्षीदार हवा आहे, लगेच या. मी गेलो तर सासरे उशीवर पाय ठेवून प्रसन्न बसले होते. म्हणाले, "कुंपणाखालून कळलावीचा कंद काढवला. पोरीला खाली सहाणेवर उगाळायला दिलाय. आज कळेल गुण." मी हातापाया पडलो, ओरडलो, आणि ओरडल्याबद्दल बोलणी खाल्ली. ते ऐकेनात, म्हणून मी डॉक्टरांना आणायला धावत सुटलो. डॉक्टरांना घेऊन परत आलो तेव्हा रिकामी वाटी स्टुलापाशी होती आणि सासरे ओठ पुसत होते. "कडू आहे," ते म्हणाले, "म्हणजे अस्सल आहे."

डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला. ओकारीचं औषध दिलं तर सासऱ्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. तेव्हा डॉक्टर त्यांच्याजवळ मांडी ठोकून बसले, नाडी धरून. मी जिन्यात बसलो. लग्न गेलं खड्ड्यात, हा माणूस जगू दे, एवढंच माझ्या मनात होतं. खरं सांगतो, तोवर मला कळलंही नव्हतं की ह्या विचित्र माणसाचा मला इतका लळा लागला आहे. सासूबाई देवापुढे होत्या. फक्त मुलगी शांत होती. ती चवड्यांवर वर आली, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि खाली निघून गेली. मला तिचा थोडा रागच आला. बाप मरायला टेकलाय आणि हिला चहा सुचतो!

दुपार झाली. ओकारी नाही, जुलाब नाही, काही नाही. सासऱ्यांनी भात मागितला. संध्याकाळी डॉक्टर उठले, ओढलेला चेहरा सैल झाला, आणि मला जिन्यात म्हणाले, "एक तर ह्यांचा कोठा लोखंडी आहे, नाहीतर मी शिकलो ते चुकीचं आहे. काहीही असो, मी घरी जाऊन झोपतो." मी त्या रिकाम्या जिन्यात एकटाच हसलो. छातीवरचा दगड उतरला की माणूस हसतोच.

चार-पाच दिवसांत अंगठा बसला. "सिद्ध झालं!" ही घोषणा या खेपेला शेजारच्या आळीपर्यंत गेली. फाल्गुनातला मुहूर्त निघाला. आणि केळवणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मुलगी बापापुढे उभी राहिली. "आबा, कळलावी घेतलीत, तिचं पथ्य आहे. मटण नाही, कलेजी नाही, सुकी मासळी नाही, आणि तांब्या तांब्या पाणी प्यायचं. नाहीतर औषध उलटतं." जे डॉक्टरांनी सांगितल्यावर सासऱ्यांनी कानाआड केलं होतं, तेच औषधाचं पथ्य म्हटल्यावर त्यांनी डोक्यावर घेतलं. डॉक्टरांची मनाई ही त्यांच्या दृष्टीनं ठाण्याहून आलेली नवी सरकारी कटकट होती, पण पथ्य हा औषधाचा मान होता आणि मान कसा राखायचा ते कोठीवाल्यांना शिकवावं लागत नसे. घरोघरची बाजूची पातेली त्यांनी हात जोडून परत पाठवली. लोकांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून ह्यांची वासना उडाली.

लग्नाच्या दिवशी ते नव्या वहाणा घालून मांडवात चालत आले. नुसते चालत नाही, पाय वाजवत आले. मांडवभर फेरी मारून, प्रत्येक पाहुण्यापुढे एक-एक पाऊल दणकन टाकून मग ते पाटावर बसले. अंतरपाटाआड उभा असलेला मी देवाचं नाही, त्या अंगठ्याचं स्मरण करत होतो. निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आता टाचा टेकून चाल हो. तिथं कोणाचा अंगठा दुखत नाही." ती हसली, रडली आणि चवड्यांवर चालत माझ्या घरी आली. ती सवय तिची सुटली नाही. कित्येकदा मी पाठमोरा वाचत बसलेला असताना ती मागं येऊन उभी राहायची आणि माझी दातखीळ बसायची.

पुढच्या दिवाळीला आम्ही तिच्या माहेरी गेलो होतो. सकाळी साखरशेतचा एक शेतकरी लंगडत, काठी टेकत माडीवर आला. जिन्यावर त्याचं प्रत्येक पाऊल दाणकन वाजत होतं, पण सासऱ्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं. तो म्हणाला, "कोठीवाले, मना पन त्योच रोग जाला. रातची गोधडी पन सोसत नाय. तुमी कळलावीचा कांदा खाल्लात नि बरं जालात, आख्ख्या गावात बोलतात. मना पन द्या."

सासऱ्यांना केवढा आनंद झाला! राजरोग गरिबाला होत नाही, हे वैद्याचं म्हणणं खोटं ठरल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी नंतर कुंपणाखालून काढून जपून ठेवलेला दुसरा कंद फडताळातून आणला आणि त्याच्या हातावर ठेवणार, तोच माझी बायको पुढे झाली.

"आबा, देऊ नका."

"का गं? पथ्य सांगू की त्याला."

"मरेल तो," ती म्हणाली. मग खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही कळलावी घेतलीच नव्हती. तुमचा कंद मी उकिरड्यात पुरला. तुम्हाला दिलं ते शिवरात्रीचं उरलेलं रताळं होतं. कडू लागावं म्हणून काडेचिराईत घातला होता. पथ्यही माझंच. म्हणजे डॉक्टरांचंच."

मी सासऱ्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनी कंद खाली ठेवला, त्या शेतकऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आपल्याच स्टुलावर बसवलं, आपल्याच उशीवर त्याचा पाय ठेवला. मग मुलीला म्हणाले, "मी ह्याला मारला असता गं."

"नाही मारलात," ती म्हणाली.

"आणि मला तू वाचवलंस, ते मला सांगितलं पण नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पथ्य पाळलं असतं का?"

सासऱ्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो शेतकरी दुखरा पाय विसरून हसायला लागला. कोठीवाल्यांचं काय बिनसलंय ते त्याला कळलंही नसावं. डोळे पुसून सासरे ताठ बसले आणि खास आपल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मास्तर, शास्त्रानं काय सिद्ध झालं? रताळं!"

त्या दिवसापासून जव्हारात वातरक्तावर रताळं आणि पथ्य सुरू झालं. त्यांच्याकडे येईल त्याला ते एक उकडलेलं रताळं देत, वर पथ्याची यादी सुनावत आणि डॉक्टरांकडे पाठवून देत. डॉक्टर म्हणत, "रताळ्यानं काही होत नाही, पण रताळ्याबरोबर जे सांगतात त्यानं होतं. मी नुसतं सांगतो म्हणून माझं कोणी ऐकत नाही." कुंपणावरची कळलावी सासऱ्यांनी उपटली नाही. श्रावणात ती पेटल्यासारखी फुलली की तिच्याकडे काठी करून म्हणत, "हिच्याशी आपण बोलतो. पण लांबून."

बऱ्याच वर्षांनी ते गेले. अंगठ्यानं नाही, कसल्याच दुखण्यानं नाही. दुपारी जेवून माडीवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळी माणसं जुन्या सवयीनं चवड्यांवर चालत होती. खाली तयारी चालू होती. खांद्यावर घ्यायला चार जण उभे होते.

माझी बायको जिना चढून वर आली. मला वाटलं ती नेहमीसारखी पाण्यावरून येईल. पण ती दारात थांबली आणि तिनं टाच टेकली. मग दुसरी. एकेक फळी दणदणवत ती त्यांच्या खाटेपर्यंत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. ती खाटेपाशी थांबली, परत फिरली, आणि पुन्हा दारापासून तशीच, आणखी जोरात आली. जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी मात्र तिच्याबरोबर कान देऊन होतो. पण "कोण ते? हळू!" असं कोणी म्हणालं नाही.

तेव्हा ती खाटेच्या पायथ्याशी बसली. त्यांच्या उजव्या पायावरची चादर तिनं बाजूला केली. अंगठा अगदी बरा होता, डाव्या पायाच्या अंगठ्यासारखाच. लहानपणापासून ज्याच्या जवळही कोणी तिला जाऊ दिलं नव्हतं तो अंगठा तिनं मुठीत धरला, आणि खालून हाक येईपर्यंत धरून ठेवला.